शिफरिन तिथे संपली नाही

वरच्या प्रतिसादात म्हटलंय, २०२२ला बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्लालमला (बर्फावरच्या वळणावळणाच्या स्की शर्यतीत) पाच सेकंदांत बाहेर पडली तेव्हाच अमेरिकेची स्कीपटू मिकेला शिफरिन संपली. मला अजिबात पटलं नाही. ती शर्यत मी म्हापशात घरी पाहिली. दारात पोदेर भोंगा वाजवत होता, आणि इकडे ही बर्फात कडेला गुडघ्यांत डोकं घालून बसलेली. पाव घ्यायचे राहूनच गेले.

स्लालम असतंच निर्दयी: दोन फेऱ्यांची वेळ एकत्र धरतात, एक गेट (खांबांनी आखलेली वाट) चुकलं की सगळं गेलं. तरी मार्च २०२३मध्ये तिने स्वीडनचा स्कीपटू स्टेनमार्कचा विश्वचषक शर्यतींतल्या ८६ विजयांचा विक्रम मोडला. नोव्हेंबर २०२४ला अमेरिकेत किलिंग्टनला शर्यतीत पडून पोटाला खोल जखम झाली. फेब्रुवारी २०२५ला इटलीत सेस्ट्रिएरेत १००वा विजय. तोही स्लालममध्येच!