'दॅन'च्या पुढे हे 'दॅट ऑफ' कशाला लागतं? स्पॉटिंग एररवाले मदत करा

निकालाची_वाट
नमस्कार मंडळी, बँकेच्या परीक्षेची तयारी चालू आहे, बाकी सगळं रेटतोय पण इंग्लिशमधलं ते चूक शोधा प्रकरण काही केल्या डोक्यात शिरत नाही. सराव पेपरात वाक्य होतं, 'द क्लायमेट ऑफ महाबळेश्वर इज कूलर दॅन पुणे'. मी बिनधास्त नो एरर ठोकलं, तर आन्सर कीमध्ये म्हणे 'दॅन दॅट ऑफ पुणे' पाहिजे. अहो पण अर्थ तर सरळ कळतोय ना? दुसरं वाक्य, 'कळसूबाई इज हायर दॅन एनी पीक इन महाराष्ट्र', ह्यात म्हणे 'अदर' राहिलं. शाळेत डिग्री बदला करून करून वह्या भरल्या, मार्कही पडले, पण हे का ते कोणी सांगितलंच नाही. घोकंपट्टी न करता लक्षात राहील असं सांगा कोणीतरी. आणि मोबाईलवर मराठी कीबोर्ड आहे म्हणून इंग्लिशपण देवनागरीत टाकतोय, सांभाळून घ्या.

खडू_डस्टर
नियम नंतर, आधी दॅनच्या डावीकडे काय आणि उजवीकडे काय एवढंच बघ. डावीकडे महाबळेश्वरची हवा आणि उजवीकडे आख्खं पुणे, म्हणजे हवेची तुलना शहराशी लावलीस. आपण 'महाबळेश्वरची हवा पुण्यापेक्षा थंड' असं रोज बोलतो आणि कोणाला खटकत नाही, म्हणून ते इंग्लिशमध्येही कानाला लागत नाही. तिथे 'दॅट' म्हणजे दुसरं काही नाही, क्लायमेट हा शब्द परत लिहायचा कंटाळा. अनेकवचन असेल तर 'दोज', 'द मँगोज ऑफ देवगड आर स्वीटर दॅन दोज ऑफ रत्नागिरी' (रत्नागिरीकरांनी धावून येऊ नये, उदाहरण आहे). पण 'महाबळेश्वर इज कूलर दॅन पुणे' हे एकदम बरोबर, कारण दोन्हीकडे गावंच आहेत. इथे सवयीने दॅट ऑफ घुसडलंस तर गेला मार्क.

आता कळसूबाई. 1646 मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, आणि ते राज्यातच आहे, मुद्दा तिथेच आहे. 'एनी पीक इन महाराष्ट्र' म्हटलं की त्यात कळसूबाईपण आलीच, म्हणजे ती स्वतःपेक्षाच उंच झाली की! 'अदर' टाकून तिला त्या गर्दीतून बाहेर काढायचं. उलट 'एव्हरेस्ट इज हायर दॅन एनी पीक इन महाराष्ट्र' ह्यात अदर टाकायचं नाही, टाकलंस तर एव्हरेस्ट आणून अकोले तालुक्यात बसवलंस. आणि सुपरलेटिव्हला बरोबर उलटं, 'द हायेस्ट ऑफ ऑल अदर पीक्स' चूक, 'द हायेस्ट ऑफ ऑल द पीक्स' बरोबर, कारण आता ती त्या घोळक्यातलीच एक पाहिजे. तू शाळेत पाठ केलेलं 'नो अदर पीक इज ॲज हाय ॲज कळसूबाई', त्यातलं अदरपण हेच काम करत होतं.

कटिंग_चहा
+1 सरांना. ह्यात अजून एक भर, सिनिअर, ज्युनिअर, सुपिरिअर, इन्फिरिअर ह्यांच्यापुढे दॅन नाही, 'टू' लागतं, हे लॅटिनमधून आलेले शब्द. 'प्रिफर'ला पण टू, आय प्रिफर टी टू कॉफी. आमच्या ऑफिसात सगळे सर्रास 'ही इज सिनिअर दॅन मी' म्हणतात आणि कोणाचं काही अडत नाही, पण पेपरात अडतं. 'मोअर बेटर', 'मोअर प्रिफरेबल' तर दिसलं की डोळे झाकून एरर मार. 'एल्डर दॅन' पण नाही, तिथे 'ओल्डर दॅन'. एल्डर फक्त एल्डर ब्रदर, एल्डर सिस्टर अशा ठिकाणी.

निकालाची_वाट
कटिंगभाऊ तुम्ही लिहिलंत त्यावरून आठवलं, 'टॉलर दॅन आय' का 'टॉलर दॅन मी'? (हे इंग्लिशमधलं मी, आपलं नव्हे.) क्लासमध्ये म्हणतात आय, सिरीजमध्ये सगळे मी म्हणतात.

खडू_डस्टर
बोलताना मी, आणि ते चूक नाही, पण जुन्या वळणाचे पेपर काढणारे आयच धरतात, म्हणून परीक्षेपुरतं आय. माझं विचारशील तर दोन्ही सोडून 'दॅन आय ॲम' लिही, वादच नको. खरी गंमत 'शी ट्रस्ट्स हिम मोअर दॅन मी' मध्ये आहे. तिचा माझ्यापेक्षा त्याच्यावर जास्त विश्वास, का मी ठेवतो त्यापेक्षा ती त्याच्यावर जास्त ठेवते? 'दॅन शी ट्रस्ट्स मी' किंवा 'दॅन आय डू', काय ते पूर्ण लिहून मोकळं व्हायचं.

सातासमुद्रापार
जीमॅटवाला (एमबीए प्रवेशाची परीक्षा) जुना पापी इथे. आमच्या वेळी सेंटेन्स करेक्शनमध्ये हाच दाणा टाकलेला असायचा, 2023 च्या नोव्हेंबरात नवीन जीमॅट आली त्यात तो प्रकारच काढून टाकला, आताची पोरं सुटली. एक जागा वर कोणी लिहिली नाही, वाक्याच्या सुरुवातीचं 'अनलाइक'. 'अनलाइक पुणे, द एअर इन मुंबई इज ह्युमिड' चूक, परत गाव विरुद्ध हवा, फक्त दॅन नाही म्हणून डोळ्यांना दिसत नाही. 'अनलाइक पुणे, मुंबई इज ह्युमिड' केलं की झालं. आणि 'ॲज गुड ॲज, इफ नॉट बेटर दॅन' ह्यातला दुसरा ॲज लोक हमखास गिळतात.

निकालाची_वाट
भारी! आता हे बघा बरं, 'द सॅलरी ऑफ अ क्लार्क इज लोअर दॅन अ ऑफिसर'. माझं उत्तर, 'दॅन दॅट ऑफ अ ऑफिसर'.

खडू_डस्टर
तुलना बरोबर. 'ॲन ऑफिसर' कर, नाहीतर हातात आलेला मार्क आर्टिकलमध्ये जाईल.