नवरा पितो, मग बैठकीला बायकोने का जायचं? (उत्तर आणि पुढची चर्चा)

कृष्णाकाठ (सांगली):
परवा इथे 'वाळवेकर' यांनी लिहिलं होतं: "दारू नवरा पितो आणि अल-अनॉनच्या (पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी असलेल्या गटाच्या) बैठकीला बायको जाते, हा कुठला न्याय? तिथे बायकांना हतबल व्हायला शिकवतात. तेवढ्या वेळात आडवी बाटली (दारूचं दुकान बंद करायचं महिलांचं मतदान) केली तर गाव सुटेल." हे वाचून एखादी बाई बैठकीच्या दारातून माघारी फिरेल, म्हणून सविस्तर लिहिते.

हतबल हा शब्द तुम्ही अर्धाच वाचलात. गटाच्या बारा पायऱ्यांतली पहिली पायरी म्हणते की दारूपुढे आपलं काही चालत नाही. संसारापुढे, पोरांच्या फीपुढे चालत नाही असं कुठेच म्हटलेलं नाही. बाटली हुडकून मोरीत ओतायची, खिसे तपासायचे, पोरांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावायची, गळ्यात माळ घालायची. यात बाईची वर्षं जातात आणि पिणं आहे तिथेच राहतं. ती मेहनत थांबवायला गट शिकवतो.

रोजच्या व्यवहारात याचा अर्थ असा. कारखान्यात खाडा पडला तर "यांना ताप आलाय" हा फोन बायकोने करायचा नाही. देशीच्या दुकानातली उधारी ऊसबिलातून भागवायची नाही. रात्री ओट्यावर पडला तर कुशीवर वळवा, नाहीतर उलटी घशात जाऊन जीव जातो. अंगावर पांघरूणही घाला. पण पहाटे उठून त्याच्या आधी सगळं धुऊन-पुसून ठेवू नका. जाग आल्यावर त्याला ते दिसलं पाहिजे.

बैठक तास-दीड तासाची. फक्त पहिलं नाव सांगायचं. एकजण बोलताना दुसऱ्याने मध्ये तोंड घालायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. शेवटी पिशवी फिरते, जमेल त्याने दहा-वीस रुपये टाकायचे. बाहेरची देणगी घेत नाहीत. नव्या माणसाला एवढंच सांगतात: निदान ६ बैठका करा, मग ठरवा.

वाळवेकर:
ताई, बैठकीत मन हलकं होतं हे मला मान्य आहे. माझा प्रश्न पिणाऱ्याचा आहे. १९९९ साली अमेरिकेत १३० घरच्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. अल-अनॉनच्या वाटेने गेलेल्या घरांतले १३ टक्के पिणारे उपचाराला आले. सगळ्यांनी मिळून समोर बसवून सुनावण्याच्या पद्धतीने ३० टक्के आले. क्राफ्ट नावाच्या पद्धतीने ६४ टक्के. क्राफ्टमध्ये घरच्यांना नेमकं काम देतात: न पिता घरी आला की जवळ बसायचं, आवडीचं जेवण करायचं. पिऊन आला की भांडण न करता बाजूला व्हायचं. आणि सकाळी पश्चात्तापाने मान खाली घालून बसला असेल त्याच घटकेला "आज अकराला डॉक्टरांकडे जायचंय" म्हणायचं. म्हणजे डॉक्टरांची वेळ आधीच घेऊन ठेवलेली हवी. हे का शिकवत नाही?

आणि दुकान दारात असेल तर हे सगळं पाण्यात. २५ टक्के महिला मतदारांच्या सह्या गोळा करा, मतदान लावा, दुकान बंद करा.

कृष्णाकाठ:
आकडे बरोबर आहेत, पण त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष तुम्ही गाळलात. घरच्यांची स्वतःची तब्येत आणि घरातलं नातं तिन्ही गटांत जवळपास सारखंच सुधारलं. अल-अनॉनने पिणाऱ्याला उपचाराला आणण्याचं वचन कधी दिलेलंच नाही. १९५१ मध्ये लोईस विल्सन आणि ॲन बी. यांनी हे उभं केलं ते घरच्यांच्या स्वतःच्या आजारपणासाठी. क्राफ्ट शिकवणारा माणूस तालुक्याला मिळत असेल तर जरूर जा. मिळत नसेल तर?

आडवी बाटलीचं म्हणाल तर झालेल्या मतांच्या निम्मी मतं पुरत नाहीत. यादीतल्या एकूण महिलांच्या निम्म्याहून जास्त लागतात. लग्न होऊन मुंबई-पुण्याला गेलेल्या लेकी यादीत तशाच असतात. त्या आल्या नाहीत की त्यांचं न दिलेलं मत दुकानदाराच्या पारड्यात पडतं. आधी यादी दुरुस्त करा, मग सह्यांना हात घाला.

माणदेशी:
एवढा काथ्याकूट कशाला? दारू सोडवायची गोळी मिळते. कुटून भाजीत घालायची, चव लागत नाही. प्यायला की उलट्या होतात, आपोआप सुटते. कित्येक घरांत हेच चालतं.

मिरज-औषधे:
कृपा करून हे कुणी करू नका. ती गोळी डायसल्फिरामची. यकृतात दारूचं ॲसिटाल्डिहाइड होतं. ते पुढे मोडणारं विकर ही गोळी अडवते, मग ते विष रक्तात साचतं. तोंड लालबुंद होतं, छातीत धडधडतं, उलट्या होतात, रक्तदाब खाली येतो. हृदय कमकुवत असेल तर माणूस दगावू शकतो. शेवटच्या घोटानंतर निदान १२ तास गेल्याशिवाय ती द्यायचीच नाही. आधी यकृताची तपासणी हवी. गोळी बंद केल्यावरही १४ दिवसांपर्यंत दारूशी, अगदी अल्कोहोल असलेल्या खोकल्याच्या औषधाशीसुद्धा, तिचं वाकडं येऊ शकतं.

चोरून दिलेल्या माणसाला यातलं काहीच ठाऊक नसतं. उलट्या झाल्या की तो पित्त समजून आणखी एक क्वार्टर मारतो. रात्री दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरांनाही कळत नाही, कारण घरचे भीतीने बोलत नाहीत. जाहिरातीतल्या पुड्यांवर तर आत काय आहे तेही लिहिलेलं नसतं.

माणदेशी:
ऊसबिलाच्या दिवशी मार खाणाऱ्या बाईला तुम्ही यकृताची तपासणी सांगता? संमती कुणाची घ्यायची, संध्याकाळी सातनंतर शुद्धीत नसणाऱ्याची? शहरात बसून नियम सांगणं सोपं आहे. तिने कुठे जायचं ते सांगा!

पोवईनाका (सातारा):
मार असेल तर बैठक हे उत्तर नाही. तिथे सल्ला द्यायचा नाही हा नियम अशा वेळी तोकडा पडतो, हे गटवाल्यांनीही मान्य करावं. ११२ (पोलीस) किंवा १८१ (महिला हेल्पलाइन) ला फोन करा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी बायकोला तिथे राहण्याचा हक्क आहे. आधार, रेशनकार्ड, पासबुक, पोरांचे शाळेचे दाखले एका पिशवीत घालून आजच शेजारणीकडे ठेवा. रात्री कपाट उघडायला वेळ मिळत नाही.

गोळीइतकीच धोक्याची दुसरी गोष्ट म्हणजे खोलीत कोंडून दारू तोडणं. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम बंद झाली की ६ तासांपासून थरथर सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास, ताप, बडबड. याला करणी समजून देवऋषाकडे नेतात आणि माणूस हातचा जातो. त्याला इस्पितळच लागतं. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं परिवर्तन हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण आहे. मुक्तांगणमध्ये घरच्यांना धरूनच उपचार होतात. नुसती विचारपूस करायची तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा मोफत क्रमांक आहे.

माणदेशी:
चोरून द्यायचं मी मागे घेतो. पण गोळी वाईट हे मानणार नाही.

मिरज-औषधे:
गोळी वाईट असं मी म्हटलंच नाही. डॉक्टरांनी सांगितलेली, त्याला माहीत असलेली, रोज सकाळी बायकोसमोर पाण्याबरोबर घेतलेली गोळी चांगली लागू पडते. एकट्याच्या भरवशावर सोडली की चार दिवसांत डबी कपाटावर जाते. पण दोघांत आधीच ठरलेलं हवं: तिने फक्त बघायचं, कटकट करायची नाही. ही सवय बैठकीत लागते.

वाळवेकर:
यादीचा मुद्दा पटला, आधी यादी तपासू. बैठकीबद्दल एवढंच म्हणतो की संध्याकाळी सातची वेळ ठेवाल तर तासगाव, कवठेमहांकाळकडची एकही बाई येणार नाही. परतीची एसटी चुकते. दुपारी दोनला घ्या. आमच्या ग्रामपंचायतीची वरची खोली तेव्हा रिकामीच असते.

कृष्णाकाठ:
वेळ दोनची पक्की. खोली नको. तो जिना तलाठ्याच्या दारावरून जातो, कोण वर गेलं हे संध्याकाळपर्यंत गावभर होईल. वाचनालयाच्या मागच्या बाजूला दार आहे का, तेवढं बघून सांगा.