झेरॉक्सचा गठ्ठा की ‘लोकल ऑथर’? कॉम्प्युटरचं पुस्तक नक्की कुठलं वाचायचं?

स्पायरल_बाइंडिंग
कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची चारही वर्षं मी लोकल ऑथरवर काढली. पुण्यात शिकलेल्यांना हा प्रकार समजावून सांगायला नको. स्थानिक लेखकांची परीक्षेपुरती पुस्तकं: सिलॅबसप्रमाणे युनिट पाडलेली, मागे जुने पेपर लावलेले, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात अप्पा बळवंत चौकात रांग. पास झालो, नोकरीही लागली. मग कामासाठी कॉर्मेन या लेखकाच्या नावाने ओळखला जाणारा अल्गोरिदमवरचा (कॉम्प्युटरने प्रश्न सोडवायच्या पद्धतींवरचा) हजारावर पानांचा ठोकळा उघडावा लागला आणि शरम वाटली. यादी क्रमाने लावायची पद्धत, क्विकसॉर्ट, मला तोंडपाठ होता. पण आधीच क्रमाने लावलेली यादी दिली आणि पहिलाच आकडा पिव्हट (ज्याच्याशी तुलना करून यादी दोन भागांत वाटायची तो) धरला, तर तोच क्विकसॉर्ट रांगत चालतो हे मला तिशीत कळलं.

माझं म्हणणं सरळ आहे. मूळ ग्रंथच शिकवा, परवडत नसेल तर हवी ती प्रकरणं झेरॉक्स करून द्या. कायदाही आडवा येत नाही. दिल्ली विद्यापीठातल्या रामेश्वरी फोटोकॉपी या झेरॉक्सच्या दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी 2012 मध्ये दावा लावला होता. 16 सप्टेंबर 2016 ला उच्च न्यायालयाने तो फेटाळला.

खिळे_जुळारी
अर्धीच गोष्ट सांगितलीत. तो खटला कोर्सपॅकचा होता, म्हणजे वेगवेगळ्या पुस्तकांतली ठरावीक पानं एकत्र बांधलेली. डिसेंबरमध्ये खंडपीठाने प्रकरण पुन्हा खाली पाठवलं, कारण ती पानं शिकवण्यासाठी खरंच लागत होती का, हे तपासायचं होतं. मार्च 2017 मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला, त्यामुळे ती तपासणी झालीच नाही. यातून ‘अख्खा कॉर्मेन बांधून घ्या’ असा अर्थ काढणं म्हणजे बोट दिलं तर मनगट धरणं.

आणि परवडत नाही म्हणता, तर भारतासाठी स्वस्त आवृत्त्या निघतातच की! आशियातली पुस्तकं इतकी स्वस्त, की सुपाप किर्तसेंग नावाच्या थाई विद्यार्थ्याने ती अमेरिकेत नेऊन विकली. वायली या प्रकाशकाने त्याला कोर्टात खेचलं आणि 2013 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात तो जिंकला. मी छपाईच्या धंद्यात आहे. दोन पिझ्झ्यांच्या पैशांत पुस्तक येतं, तेव्हा ‘महाग’ हा शब्द जरा जपून वापरा.

बॅकबेंच_मास्तर
पिझ्झा पुण्यात! माझं कॉलेज तालुक्याच्या गावी आहे, वर्गातली निम्मी पोरं मराठी माध्यमातली. त्यांची अडचण पैशांची नाहीच, भाषेची आहे. कॉर्मेनमधली सिद्धता वाचायची तर आधी इंग्रजीशी झुंजायचं, मग गणिताशी. सेमला पाच विषय. लोकल ऑथर तेच दोन पानांत, सोप्या वाक्यांत सांगतो. त्याला नावं ठेवणारे बहुतेक जण त्याच्याच जिवावर पास झालेले असतात. (स्पायरलभाऊ, तुम्ही निदान कबूल तरी केलंत.)

स्पायरल_बाइंडिंग
सर, सोपं असायला माझी हरकत नाही, चुकीचं असायला आहे. एका लोकल पुस्तकातला प्रोग्राम माझ्याकडून कधी कंपाइल झाला नाही, म्हणजे चाललाच नाही. पुढच्या आवृत्तीत मुखपृष्ठ बदललं, चूक तशीच. उलट अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ आपल्या ग्रंथातली चूक दाखवणाऱ्याला 2.56 डॉलरचा चेक पाठवायचे, 2008 पासून तेवढ्याचं प्रमाणपत्र पाठवतात. सोळाच्या पायात 256 हा आकडा 100 असा लिहितात, म्हणून 256 सेंट म्हणजे सोळाच्या पायात मोजलेला एक डॉलर! चूक दाखवली तर आपले लेखक काय देतात?

बॅकबेंच_मास्तर
आपल्याकडे चूक दाखवली की पोराचा ओरलचा मार्क जातो. हा मुद्दा तुमचा.

चळत_की_स्टॅक
भाषेचाच प्रश्न असेल तर मराठीत लिहा ना. एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, 2021 मध्ये प्रादेशिक भाषांतून इंजिनिअरिंगला परवानगी दिली, पिंपरी चिंचवडच्या एका कॉलेजात मराठीतून कॉम्प्युटर सुरूही झालं. पण इंग्रजी वाक्यं उलटी करून मराठी पुस्तक होत नाही. ‘स्टॅक’ला (कॉम्प्युटरमध्ये माहिती रचून ठेवायच्या एका पद्धतीला) स्टॅकच म्हणा, पण ताटांची चळत दाखवा: शेवटी ठेवलेलं ताट आधी उचलायचं. पोरगं जन्मात विसरणार नाही.

खिळे_जुळारी
लिहा की. पण हजार प्रतीही खपणार नसतील तर कागदाचे पैसे कोण देणार? तिथेही झेरॉक्सच निघणार.

रजिस्टर_नंबर_१२
मी कॉलेजची ग्रंथपाल. तुम्ही सगळे विकत घ्यायचं की झेरॉक्स यावर भांडताय. आमच्याकडे कॉर्मेनच्या प्रती आहेत, त्यांच्या मागच्या चिठ्ठीवर जेमतेम तीन तारखा. लोकल ऑथरची पानं मात्र सुटून हातात येतात. परीक्षेत प्रश्न शब्दशः त्यातलेच येतात, मग मुलांनी दुसरं का उघडावं? आणि फुकटच हवं असेल तर विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या आर्पाची-डुसो दांपत्याने ऑपरेटिंग सिस्टिम्सचं पुस्तक नेटवर प्रकरणवार मोफत ठेवलंय. झेरॉक्स नको आणि कोर्टही नको. मी त्याचा कागद नोटीस बोर्डावर लावला होता. चार महिन्यांत विचारायला एकच मुलगी आली.

बॅकबेंच_मास्तर
ताई, लिंक इथे टाका. पेपर सेटिंग या वेळी माझ्याकडे आहे. एक प्रश्न त्यातला घालून बघतो.