हॉरर बघताना आता भीतीच वाटत नाही, असं तुमचंही झालंय का?

रातकिडा:
लहानपणी हॉरर सिरीयलचं नुसतं टायटल म्युझिक लागलं तरी मी चादर डोक्यावरून घ्यायचो, पाय पलंगाखाली सोडायची हिंमत नव्हती आणि बाथरूमला जायला कोणीतरी सोबत लागायचं. आता एका रात्रीत दोन-दोन सिनेमे बघतो आणि काहीच होत नाही. आवाज एकदम बंद झाला की कळतं, आता दचकवणार. दचकतोही, पण ते भांडं पडल्यावर दचकतो तसं, मिनिटभरात विसरून जातो. मला ती रात्रभर पुरणारी भीती परत हवीये, कुणाला सापडलीये का?

पडद्यामागे:
दचकणं वेगळं आणि घाबरणं वेगळं, हे तुम्ही बरोबर पकडलंत. 'जॉज' (१९७५) परत बघा. त्यातला यांत्रिक शार्क समुद्राच्या खाऱ्या पाण्यात सारखा बंद पडायचा, म्हणून दिग्दर्शक स्पीलबर्गला तो फारसा दाखवताच येईना, मग काय तर नुसतं पाणी, शार्कला दोरीने अडकवलेली ती पाण्यावरची पिवळी पिंपं आणि संगीतकार जॉन विल्यम्सचे दोन सूर. शार्क नीट दिसेपर्यंत निम्म्याहून जास्त सिनेमा संपलेला असतो, तोवर आपण मनातल्या मनात त्याच्याहून मोठा शार्क तयार केलेला असतो. आता कॉम्प्युटरवर सगळं दाखवता येतं म्हणून पहिल्या दहा मिनिटांत भुताचा चेहरा समोर, मग मनाला काम काय उरलं?

अर्धवट_झोप:
माझ्या मते खरी भीती कानात असते. दिग्दर्शक जॉन कार्पेंटरने त्याचा 'हॅलोवीन' (१९७८) म्युझिक न टाकता एका स्टुडिओच्या अधिकारी बाईंना दाखवला तर त्या अजिबात घाबरल्या नाहीत, मग त्याने स्वतःच पियानोवर ती धून बसवली. पाच मात्रांची आहे ती, आपलं मन चारवर थांबायला बघतं आणि ती थांबत नाही, म्हणून आतून अस्वस्थ वाटत राहतं. तुम्ही मोबाईलच्या स्पीकरवर बघत असाल तर हे सगळं वायाच जातं. हेडफोन लावा, लाईट घालवा, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा.

उघडी_खिडकी:
'द हॉन्टिंग ऑफ हिल हाऊस' (२०१८) बघा, माइक फ्लॅनगनची सिरीज आहे, दहा भाग. पुढे दोन माणसं साधं बोलत असतात आणि मागच्या अंधारात कोणीतरी नुसतं उभं असतं. म्युझिक नाही, कॅमेरा तिकडे वळत नाही, कोणी बोट दाखवत नाही. मला पहिल्यांदा बघताना दिसलंच नव्हतं, दुसऱ्यांदा दिसलं आणि पोटात गोळा आला, की हे आधीपासून इथेच होतं. तेव्हापासून कुठलाही सिनेमा बघताना माझं लक्ष आधी मागच्या दाराकडे जातं.

रातकिडा:
काल रात्री तसंच केलं, हेडफोन, अंधार, मोबाईल बाहेर. तीन भाग झाले. नंतर आडवा पडलो तर खोलीच्या कोपऱ्यात कोणीतरी खांदे पाडून बसलंय असं वाटायला लागलं, बराच वेळ तिकडे बघायचंच टाळलं. शेवटी उठून लाईट लावला तर खुर्चीवर टाकलेला माझाच शर्ट. तो कपाटात ठेवला तेव्हा कुठे झोप लागली. खूप वर्षांनी असं झालं, सगळ्यांना मनापासून थँक्यू. उरलेले भाग दिवसा बघू की रात्रीच?

उघडी_खिडकी:
रात्रीच. आणि सहावा भाग मध्ये थांबवू नका, त्यात कितीतरी मिनिटं शॉट सलग चालतो, कटच येत नाही, डोळे मिटायला जागा मिळत नाही.