ग्रिझलीच्या मुलखातला लांबचा ट्रेक: सोबत बंदूक न्यावी का?

रानवाट: अमेरिकेतल्या कॉन्टिनेंटल डिव्हाइड ट्रेल या लांब पायवाटेचा ग्लेशियर ते येलोस्टोन (दोन्ही नॅशनल पार्क) हा टप्पा चालायचा आहे. मुलूख ग्रिझलीचा, म्हणजे तिकडच्या तपकिरी अस्वलाचा. बेअर स्प्रे (अस्वलावर मारायचा तिखट फवारा) घेणारच आहे. शिवाय हँडगन हवी का? घेतली तर कुठे बांधायची, आणि कायद्याचं काय? व्हिसा एच-वन-बी (तात्पुरत्या नोकरीचा) आहे.

कातळकडा: आधी व्हिसाचं बघा. तुमच्यासारख्या नॉन-इमिग्रंट (तात्पुरत्या वास्तव्याच्या) व्हिसावर बंदूक काय, काडतुसं जवळ बाळगणंही फेडरल (केंद्रीय कायद्याखालचा) गुन्हा आहे. यातली नेहमीची सूट म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू शिकार-लायसन्स. मित्राची बंदूक तुमच्या सॅकमध्ये असली तरी कायद्याने ती तुमच्या ताब्यातच धरली जाऊ शकते. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही.

नॅशनल पार्कमध्ये फेब्रुवारी २०१० पासून त्या त्या राज्याचा बंदूक बाळगण्याचा कायदा लागू आहे. व्हिजिटर सेंटरसारख्या फेडरल इमारतीत मात्र ती नेता येत नाही. बाळगायची मुभा म्हणजे झाडायची मुभा नव्हे, हेही पक्कं लक्षात ठेवा.

घाटमाथा: स्प्रेवरच भर द्या. धावून येणारं ग्रिझली सेकंदाला साधारण १५ मीटर अंतर कापतं. ३० मीटरवरून निघालं तर तुमच्या हातात दोन सेकंद. तेवढ्यात हलत्या, खाली झुकलेल्या डोक्यावर नेम धरण्यापेक्षा समोर तिखट ढग उभा करणं कितीतरी सोपं.

कॅन किमान २२५ ग्रॅमचा आणि 'बेअर स्प्रे' असंच छापलेला घ्या. माणसांसाठीचा पेपर स्प्रे चालत नाही. कॅन सॅकच्या बाजूच्या खिशात नको, छातीच्या किंवा कमरेच्या पट्ट्यावर हवा. सेफ्टी क्लिपला प्लास्टिकची पट्टी बांधलेली असेल तर निघण्याआधीच कापा. ऐन वेळी क्लिप निघत नाही ती हिच्यामुळेच. फवारा अस्वलाच्या जरा खाली, त्याच्या पुढ्यात मारा, म्हणजे ते ढगात घुसेल. तंबूवर किंवा सामानावर अजिबात फवारू नका, सुकलेल्या तिखटाच्या वासाने अस्वलं उलट जवळ येतात. विमानात कॅन नेता येत नाही, तिकडे पोचूनच घ्या.

रानवाट: अलास्काच्या अभ्यासात हँडगनही ८४ टक्के यशस्वी ठरल्याचं वाचलं.

कातळकडा: तो अभ्यास २०१२चा. २००८च्या अभ्यासात तपकिरी अस्वलांवर स्प्रेचं यश ९२ टक्के आलं होतं. दोन्हींतल्या घटना वेगळ्या, त्यामुळे आकडे शेजारी ठेवून निकाल लावू नका. २०१२च्या अभ्यासातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे: बंदूक जवळ असलेल्यांपैकी ज्यांनी ती झाडली आणि ज्यांनी नाही झाडली, त्यांच्या जखमी होण्याच्या प्रमाणात ठळक फरक दिसला नाही.

घाटमाथा: लायसन्स असून न्यायचीच असेल तर होल्स्टर छातीवर बांधा, कमरेचं होल्स्टर सॅकच्या पट्ट्याखाली दबतं. बंदूक टेन एमएम किंवा पॉइंट फोर फोर मॅग्नम कॅलिबरची, आणि गोळ्या हार्ड-कास्ट (कठीण शिशाच्या, न पसरणाऱ्या). होलो पॉइंट (पोकळ टोकाची गोळी) आत शिरताच पसरते, जाड स्नायू-हाडांत खोल जात नाही. काडतुसांसकट किलोभर वजन वाढेल ते वेगळंच. पाठीवर भरलेली सॅक घेऊन बंदूक झटकन काढायचा सराव नसेल तर सरळ त्याहून कमी वजनात स्प्रेचा दुसरा कॅन घ्या, आणि रात्री एक कॅन तंबूत हाताशी ठेवा.