"शहरात आता कसला त्रास?" याला उत्तर

उदगीरकर
काल इथे 'पेठेतला' यांनी लिहिलं, "समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ जाऊन इतकी वर्षं झाली. पुण्यात मोर्चा निघतो, कॉलेजांत कार्यक्रम होतात. समलिंगी मुलांना शहरात आता कसला त्रास? गावाकडच्यांनी तक्रार केली तर समजू शकतो." ते वाक्य रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी २०१७ ला उदगीरहून इंजिनिअरिंगला पुण्यात आलो. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाचा ३७७ वरचा निकाल लागला तेव्हा मेसमध्ये होतो. टीव्हीवर बातमी चालू होती. ज्याच्या शेजारी रोज जेवायचो तो म्हणाला, "आता यांना रान मोकळं." मी आमटी वाढून घेतली आणि मान खाली घालून जेवलो. मला गुन्हेगार ठरवणारा कायदा गेला त्याच दिवशी कळलं, की या टेबलावर आपण तोंड उघडायचं नाही.

पुढच्या वर्षी रूममेटने माझा फोन पाहिला. मारहाण झाली नाही. दुसऱ्या दिवशी त्याची गादी शेजारच्या खोलीत होती, आणि मी आंघोळीला गेलो की बाकीचे बाहेर थांबायचे. रेक्टरना सांगितलं तर म्हणाले, "घरी फोन करू का?" तक्रार तिथेच संपली. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०१६ मध्येच रॅगिंगच्या व्याख्येत लैंगिक कल आणि लिंगओळख घातली होती, हे मला डिग्री हातात पडल्यावर समजलं.

हॉस्टेल सोडून जोडीदाराबरोबर खोली घेतली. मालकाला सांगितलं, मावसभाऊ आहोत. आजही मावसभाऊच आहोत.

शहराने काही दिलं नाही असं नाही. उदगीरला स्टँडवर कोणाशी बोललो ते संध्याकाळपर्यंत घरी पोचतं. डेक्कनला नदीकाठी दोन तास बसलो तरी कोणी विचारत नाही. पण कोणी न विचारणं आणि आपल्याला सांगता येणं यात फार अंतर आहे.

पेठेतला
माझं कॉलेज संपलं १९८९ ला. आमच्या एका मित्राचं घरच्यांनी बळजबरीने लग्न लावलं. त्याचंही आयुष्य गेलं, त्या मुलीचंही. त्या वेळी या गोष्टीला आमच्याकडे शिवीपलीकडे शब्द नव्हता. मुंबईत २००८ पासून, पुण्यात २०११ पासून मोर्चे निघतात, ते मी रस्त्यावर उभा राहून पाहिलेत. म्हणून म्हटलं फरक पडलाय. रेक्टरचं वागणं चूकच, ते मान्य. पण खोलीवरून मालकांना झोडपू नका. मी दोन खोल्या भाड्याने देतो. कोण राहतंय हे मालकाला माहीत असायला हवं. खोटं नातं सांगून राहणं मला पटत नाही.

एमपीएससी_२०१९
खोलीचा विषय निघालाच आहे तर ऐका. मी स्ट्रेट, म्हणजे मुलीच आवडणारा मुलगा आहे, तरी तीन महिने कॉट बेसिसवर, म्हणजे फक्त एक खाट भाड्याने घेऊन काढले. आधी आडनाव, मग "मटण खाता का?", मग "गाव कुठलं?". आडनाव ऐकून एका बाईंनी उघडलेलं दार लावून घेतलं. डिपॉझिट दोन महिन्यांचं, सोडताना रंगकामाच्या नावाखाली निम्मं कापलं. त्रास सगळ्यांनाच आहे. तुमचा वेगळा कशाला मोजायचा?

उदगीरकर
कारण तुला दार लावलं तेव्हा तू रात्री आईला फोन करून रडू शकलास. मी आईला काय सांगू?

एमपीएससी_२०१९
तुला कोणी सांगितलं मी आईला फोन केला? आई कापूस वेचायला जाते, तिला असलं सांगून जीव घाबरा करत नाही मी. जात लपवायला मलाही एका मित्राने सुचवलं होतं. मी लपवली नाही.

उदगीरकर
चुकलो. आईचं बोलायला नको होतं. पण तू लपवली नाहीस म्हणून मी लपवतो ते भित्रेपण आहे, असं म्हणत असशील तर ते ऐकून घेणार नाही.

एमपीएससी_२०१९
तसं म्हटलेलं नाही. सोड.

दोघी
तुमच्या भांडणात मुली कुठेच नाहीत. आम्हाला खोली दहा मिनिटांत मिळाली. दोन मुली, चांगल्या घरातल्या, नोकरी-कॉलेज करणाऱ्या, काकू खूश. चार वर्षं त्यांनी आम्हाला दिवाळीचा फराळ दिला. मग माझ्या जोडीदार मुलीला डेंग्यू झाला. दवाखान्याच्या फॉर्मवर "नातं" असा रकाना होता, मी "रूममेट" लिहिलं. तिचा भाऊ आला, तिला घेऊन गेला, फेब्रुवारीत तिचं लग्न लागलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने आमच्यासारख्यांच्या लग्नाचा हक्क नाकारला तेव्हा लोक म्हणाले, लग्नाचं एवढं काय? मला तो रकाना आठवला.

बाय_आणि_बस्स
मी बायसेक्शुअल. मित्र म्हणतात, "मुलगीपण आवडते ना, मग कर लग्न, प्रश्न मिटला." गे मित्र म्हणतात, "तू शेवटी लग्न करून जाशील." दोन्हीकडे मी पाहुणा.

कागदवाला
पेठेतला, कोण राहतंय हे माहीत असायला हवं म्हणता, तर ऐका. मी ट्रान्स पुरुष, म्हणजे जन्मल्यावर मुलगी अशी नोंद झालेला पुरुष. १५ एप्रिल २०१४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की माझी लिंगओळख मी ठरवायची. ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीचा २०१९ चा कायदा आल्यावर जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळखपत्र काढलं, राजपत्रात नाव बदललं, आधार बदललं. दहावीच्या प्रमाणपत्रावर मात्र जुनं नाव होतं. कॉलेज म्हणालं, परीक्षेला तेच चालेल. हॉल तिकिटावर मुलीचं नाव, बाकावर दाढीवाला मी. प्रत्येक पेपरला सुपरवायझर उठवून बाहेर नेणार आणि वर्गभर माना वळणार. एका पेपरला वीस मिनिटं गेली, तो विषय राहिला. खोली बघताना मालकाने पोलिस नोंदणीसाठी आधार मागितलं, कॉलेजचं बोनाफाईडही मागितलं. दोन नावं बघून म्हणाला, "हे भलतंच काहीतरी आहे." मी एक शब्द खोटा बोललो नव्हतो. खोली मिळाली नाही.

पेठेतला
कागदवाला यांना माझ्याकडे उत्तर नाही. खोटं न बोलताही दार बंद होत असेल तर माझा मुद्दा टिकत नाही, एवढं मान्य करतो. सगळंच मान्य केलं असं समजू नका. करारावर खरी नावं हवीत, यावर मी ठाम आहे. आमच्या सोसायटीच्या नियमात "फक्त कुटुंबालाच" असं लिहिलंय. २०११ मध्ये त्या ठरावाला मीच हात वर केला होता, तेव्हा डोळ्यांसमोर दारू पिऊन गोंधळ घालणारी पोरं होती. पुढच्या सभेत तो विषय काढतो. विरोध होईल, सेक्रेटरी आधी माझ्यावरच ओरडतील.

उदगीरकर
आमचा अकरा महिन्यांचा करार मार्चमध्ये संपतोय. सभा त्याआधी झाली तर इथे लिहा.