मदत हवी आहे: स्टिरॉइडमुळे झालेला मधुमेह आणि डोळ्यांचे विकार, कोड ई०९ (औषधजन्य मधुमेह) की ई११ (टाइप २ मधुमेह)?

नमस्कार. मी पुण्यातून अमेरिकेतील एका रेटिना (डोळ्याचा पडदा) क्लिनिकचे कोडिंग, म्हणजे विम्यासाठी निदानांना संकेत देण्याचे काम, पाहते. आयसीडी-१०-सीएमच्या (अमेरिकेतील निदान-संकेतांची यादी) एका चार्टवर अडले आहे, म्हणून जाणकारांचे मत हवे आहे.

रुग्ण ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिससाठी दीर्घकाळ प्रेडनिसोन हे स्टिरॉइड घेत असून सध्या इन्सुलिनवर आहे. फॅमिली डॉक्टरांच्या पत्रात ‘स्टिरॉइडमुळे झालेला मधुमेह’ असे स्पष्ट आहे. आमच्या रेटिना तज्ज्ञांच्या नोंदीत मात्र नुसते ‘टाइप २’. उजव्या डोळ्यात मध्यम नॉन-प्रॉलिफरेटिव्ह रेटिनोपथी (मधुमेहाने पडद्याला झालेली इजा, नव्या रक्तवाहिन्या न फुटलेली) मॅक्युलर एडिमासह (पडद्याच्या मध्यभागी सूज), डाव्या डोळ्यात तीच रेटिनोपथी पण एडिमा नाही, आणि दोन्ही डोळ्यांत पोस्टेरिअर सबकॅप्सुलर (भिंगाच्या मागच्या पृष्ठभागालगतचा) मोतीबिंदू, ज्याच्या कारणाबद्दल एक अक्षरही लिहिलेले नाही. भेटीत उजव्या डोळ्यात इंजेक्शन दिले आहे.

पत्र ग्राह्य धरल्यास ई०९.३३११ (उजवा डोळा) आणि ई०९.३३९२ (डावा डोळा), त्यानंतर टी३८.०एक्स५ए (स्टिरॉइडचा दुष्परिणाम), झेड७९.५२ (दीर्घकाळ स्टिरॉइड) व झेड७९.४ (इन्सुलिन) असा क्रम मी लावला आहे. मोतीबिंदूचे काय करावे? निर्देशांकातील ‘विथ’च्या नियमाने (मधुमेहाखाली ‘विथ’ म्हणून दिलेला विकार मधुमेहाशी संबंधित धरायचा) तो मधुमेहाचाच मानून ई०९.३६ (औषधजन्य मधुमेहातील मोतीबिंदू) द्यावा म्हटले, तर अशा जागी मोतीबिंदू स्टिरॉइडनेही होतो आणि मग एच२६.३३ (दोन्ही डोळ्यांतील औषधजन्य मोतीबिंदू) लागू शकतो. शिवाय मधुमेह अलीकडचाच म्हटला आहे, आणि इतक्या लवकर रेटिनोपथी दिसावी हे मला खटकते. पूर्वीपासून न सापडलेला टाइप २ असेल काय, अशी शंका येते.

उत्तर:

शंका रास्त आहे, पण ती कोडमध्ये उतरवण्याचा अधिकार आपल्याला नाही. दोन डॉक्टरांची विधाने जुळत नसतील, तर कोडरने त्यांतले एक निवडायचे नसते. ज्यांच्या नावे क्लेम (विम्याचा दावा) जाणार आहे, त्या रेटिना तज्ज्ञांना क्वेरी (लेखी विचारणा) पाठवावी. क्वेरीत उत्तर सुचवू नये. पत्रातील आणि नोंदीतील मजकूर समोरासमोर ठेवावा, स्टिरॉइड सुरू होण्यापूर्वीचा एचबीएवनसी (सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) उपलब्ध असल्यास तोही द्यावा, आणि औषधजन्य, टाइप २, स्टिरॉइडने बिघडलेला टाइप २, अन्य, किंवा ठरवता येत नाही, असे पर्याय द्यावेत. मोतीबिंदूचे कारणही त्याच क्वेरीत विचारावे, कारण ‘विथ’चा नियम डॉक्टरांनी संबंध स्पष्टपणे नाकारला तरच बाजूला पडतो; त्यांनी मोतीबिंदू स्टिरॉइडजन्य लिहिला, तर एच२६.३३ येईल आणि ई०९.३६ जाईल.

उत्तर टाइप २ आले, तर ई११.३३११ आणि ई११.३३९२ असे बदल होतील. स्टिरॉइडने साखर वाढल्याचे नोंदले असेल, तरच ई११.६५ (टाइप २ मधुमेहात साखर वाढलेली) आणि टी३८.०एक्स५ए जोडावेत. टी-कोड पहिला येतो तो विषबाधेच्या प्रकरणात; येथे औषध योग्य मात्रेत घेतलेले असल्याने तुमचा क्रम बरोबर आहे. उत्तर येईपर्यंत क्लेम रोखून ठेवावा, आणि पाठवताना उजव्या डोळ्याच्या इंजेक्शनला शेवटी १ (उजवा डोळा) असलेलाच कोड जोडलेला आहे ना, हे पाहावे. तेथे ९ (कोणता डोळा ते नमूद नाही) राहिला, तर विमा कंपनीकडून क्लेम परत येण्याची दाट शक्यता असते.